पाचवा हिस्सा

कोल्हापुरात कुठल्याही गोष्टीची सुरुवात फ्लेक्सनं होते. गोष्ट मागनं ठरते. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी ‘यंदा पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचं’ असं एका रात्री कट्ट्यावर नुसतं म्हटलं, आणि दोन दिवसांत चौकात हा एवढा फ्लेक्स. ‘मोहिमेस हार्दिक शुभेच्छा!’ खाली पंधरा-वीस पोरांचे फोटो, निम्म्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, आणि मधोमध ‘मार्गदर्शक’ म्हणून मी. फोटो मेहुण्याच्या लग्नातला, फेट्यासकट. मला कुणी विचारलं नव्हतं. तरुणपणी थोडेफार डोंगर हिंडलोय आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून संध्याकाळी वेळेत सुटतो, एवढीच माझी पात्रता. पण फ्लेक्सवर चढलेल्या माणसाला आमच्याकडं आजारी पडता येतं, माघार घेता येत नाही.

पहिली बैठक वाटेची माहिती घ्यायला म्हणून बोलावली होती. ती टी-शर्टच्या रंगात गेली. काळा ठरला. पाठीवर घोडा, तलवार, सूर्य आणि सौजन्य म्हणून कोपऱ्यावरचा पंक्चरवाला. कापड मात्र जाड सुती. मी म्हटलं, ‘‘पोरांनो, सुती कापड पावसात भिजलं की वाळत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतं. खेळायची पातळ पॉलिस्टर जर्सी घाला. फुटबॉलची आहे की प्रत्येकाच्या घरी.’’ खोलीत एकदम शांतता. फुटबॉलची जर्सी म्हणजे पेठेची जर्सी, आणि आमच्यात दोन पेठांची पोरं होती. त्या दोन जर्स्या एका तंबूत झोपवण्यापेक्षा सिद्दी जौहर परवडला. सुती कापड एकमतानं मंजूर झालं.

दुसऱ्या बैठकीत इतिहास निघाला. तो सगळ्यांना पाठ. १२ जुलै १६६० ची रात्र, आषाढातला पाऊस, पन्हाळ्याला जौहरचा वेढा, दोन पालख्या, एकीत शिवा काशीद, बरोबर सहाशे मावळे, आणि घोडखिंड लढवणारे बाजीप्रभू. हे सांगताना पोरांचा आवाज खरोखर जड होतो, मी पाहिलंय. तेवढ्यापुरतं मोबाइलसुद्धा कुणी बघत नाही. मग इंजिनिअरिंगला असलेल्या पोरानं मुद्दा काढला. ‘‘काका, त्यांनी रातोरात केलं. आपल्याला दोन दिवस कशाला पायजेत? अपमान हाय हा.’’

‘‘त्यांच्या मागं जौहरचे घोडेस्वार लागले होते,’’ मी म्हटलं. ‘‘तुझ्या मागं कोण लागलंय?’’

‘‘ह्याची आई,’’ मागून कोणीतरी म्हणालं.

हसण्यात गेलं, पण पुढचा सगळा महिना मला त्या वाक्याचाच प्रत्यय आला.

वाट पन्नास किलोमीटरच्या आसपास, मोजणाऱ्यागणिक दोन-चार इकडंतिकडं. पन्हाळ्यावरून उतरून मसाई पठार, तिथून कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या ओलांडत, पुढं जंगलातनं पांढरेपाणी आणि मग खिंड. पठारावर धुकं उतरलं की समोरच्याची सॅक दिसत नाही. त्या दिवसांत वाटेवर गर्दी असते आणि वाड्यांतली घरं भरलेली असतात, म्हणून तंबू, शिधा, भांडी सगळं आपलं आपण पाठीवर न्यायचं ठरलं. आणि पाठीवर न्यायचं म्हटल्यावर मी फळ्यावर लिहिलं: सॅकचं वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर नको.

पैलवानानं तिथल्या तिथं हिशेब केला. तो पंच्याण्णव किलो, म्हणजे त्याला एकोणीस किलोचा हक्क. बारक्या पंचेचाळीस, त्याला नऊ. पैलवानाचं स्वतःचं सामान म्हणजे एक टॉवेल, दोन चड्ड्या आणि थंडाई घोटायची दगडी कुंडी. कुंडी नेणार नाही असं मी बजावलं, तेव्हा त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याला वस्ताद बदलायला सांगितलं. ‘‘मग काका, बदाम काय दातानं घोटू?’’ कुंडी बाद झाल्यावर त्याच्याकडं भरपूर वजन शिल्लक राहिलं आणि त्यानं ते भाड्यानं द्यायला काढलं. किलोला एक कट वडा. संध्याकाळपर्यंत त्याचं सगळं बुकिंग फुल.

आता हे वजन मोजायचं कुठं? घरचा काटा प्रत्येकाचा वेगळं सांगतो, आणि आईसमोर तर तो हमखास कमी दाखवतो. म्हणून सगळ्या सॅका उचलून आम्ही रद्दीवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं आकड्याला टांगायचा तबकडीचा काटा. त्यानं पहिली सॅक आकड्याला अडकवली, ती गरगर फिरली, काटा सतरावर जाऊन थरथरला. त्यानं विडी बाजूला ठेवली आणि सवयीनं विचारलं, ‘‘मराठी पेपर हाय का इंग्लिश? इंग्लिशला भाव जास्त बसतोय.’’

ती सॅक बारक्याची होती. नऊच्या जागी सतरा. रद्दीच्या ढिगावरच उघडली. वर रेनकोट, इथवर शिस्त. त्याखाली जीन्स दोन. जीन्स भिजली की वाळायला दसरा उजाडतो हे मी आधीच सांगून झालं होतं. मग केसांचं जेल, आरसा, ब्लूटूथ स्पीकर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड. ‘‘हे कशाला?’’ तर तंबूत पिन एकच असली तर भांडणं नकोत म्हणून. तंबूत पिनच नसते हे ऐकून तो खरंच हादरला. त्याखाली डबे सुरू झाले. धपाट्यांची चळत फडक्यात बांधलेली. दशम्या वेगळ्या. शेंगदाण्याची चटणी. कांदा-लसूण मसाला काचेच्या बरणीत, झाकणाला प्लॅस्टिकचा कागद, त्यावर रबर, रबरावर पुन्हा दोरा. आणि तळाला, नेमकं जिथं झोपायची चादर असायला हवी तिथं, स्टीलच्या कडीच्या डब्यात मटणाचं लोणचं. डब्याची कडी हळदीकुंकवाच्या लाल दोऱ्यानं आवळलेली.

झाकण सैल केलं मात्र, रद्दीवाल्यासकट सगळे जवळ आले.

मी डबा घेऊन त्याच्या घरी गेलो. ‘‘वहिनी, मसाला कागदाच्या पुडीत घाला, बरणी नको. आणि हे लोणचं...’’

‘‘ऱ्हाऊ दे की भावजी. दोन दिवस डोंगरात. पोरगं वाळंल.’’

बारक्या आणखी वाळायला जागा कुठं होती मला कळेना, पण कोल्हापुरी माउलीपुढं शास्त्र चालत नाही. आमच्याकडं पाहुण्याच्या वाटीत ‘नको नको’ म्हणताना रस्सा पडतो. तिथं सॅकमधून काही काढायचं म्हणजे घराण्याची अब्रू काढायची. एक डबा बाहेर आला की मागच्या दारानं दोन आत जायचे. मी फक्त भडंगाला मनापासून परवानगी दिली. भडंग हलकं, तेल आणि शेंगदाणे असल्यानं पोटाला आधार देणारं, शिजवायला नको, भिजलं नाही तर नासत नाही. डोंगरासाठी ह्याच्याइतकं शहाणं खाणं दुसरं नाही. तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरातनं भडंगाचं एकेक पोतडं आलं. वजन नव्हतं, पण सॅकेत तंबूला जागा उरेना.

पाण्याचा हिशेब तर कुणी धरलाच नव्हता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे सातवीत शिकलेलं सगळ्यांनी पहिल्यांदाच मनावर घेतलं. ‘‘मग वाटंत ओढ्याचं पिऊया की.’’ पावसाळ्यात ओढे भरपूर, पण वर शेतात रोपलावण चाललेली, खाली येतं ते चहाच्या रंगाचं. गाळा, क्लोरीनचे थेंब घाला, अर्धा तास थांबा. ‘‘अर्धा तास?’’ कबड्डी खेळणारी पोरगी म्हणाली, ‘‘तेवढ्यात माणूस मरंल की काका.’’ रेनकोटच्या बाबतीत मात्र तिनंच सगळ्यांना मागं टाकलं. महागाचा रेनकोट न घेता आजोळहून रोपलावणीच्या बायका घेतात तशी प्लॅस्टिकची खोळ आणली. डोक्यावरून घेतली की पाठीवरच्या सॅकसकट बाई झाकली जाते. माझं मत विचाराल तर सह्याद्रीच्या पावसासाठी इतकी अक्कल वापरलेली दुसरी वस्तू बाजारात नाही. फक्त वाऱ्यात तिला दोन हातांनी धरावी लागते.

सरावाला पहाटे भरलेल्या सॅका घेऊन रंकाळ्याला फेरी. रंकाळ्यावर फिरणारी मंडळी नियमित. त्यातल्या एका आजोबांनी आम्हाला थांबवलं, ‘‘कुठल्या कंपनीचं हाय? काय इकताय?’’ दुसऱ्यांना वाटलं पंढरपूरला निघालो, त्यांनी नमस्कार केला. पोरं सॅक नुसती खांद्यावर लोंबकळत ठेवून चालत होती. पोटावरचा पट्टा लावायला कुणी तयार नाही. कमरपट्टा म्हणे बायकी दिसतो. अहो, त्या पट्ट्यासाठीच तर सॅकला दाम मोजायचे. तो कमरेच्या हाडावर आवळला की बरंचसं वजन कमरेवर जातं, खांदे सुटतात. सांगून उपयोग होईना, तेव्हा मी पैलवानाला म्हटलं, ‘‘लंगोट कसतोस तसा कस.’’ त्यानं एका झटक्यात कसला, दोन पावलं टाकली, आणि चेहऱ्यावर उजेड पडला. मग बाकीच्यांना तोच कसून देत सुटला. बारक्याला त्यानं इतका कसला की त्याला बोलता येईना, हा जादा फायदा.

फेरी पुरी होताच पोरं मिसळीवर बसली. जाळलं त्याच्या तिप्पट भरलं. तर्रीवर तर्री.

बुटांचं थोडक्यात सांगतो. नवे बूट आदल्या दिवशी घेऊ नका, आत्ताच घ्या, घालून हिंडा, पावसातही हिंडा, पायाची नखं कापा. एवढं सांगायला पाच मिनिटं लागली आणि पटवायला तीन आठवडे. एका आजोबांनी मध्येच येऊन, ‘‘आम्ही कापशी चपला घालून डोंगर तुडवलेत,’’ म्हणून सगळ्यांना बिघडवलं. कापशी चप्पल देखणी, करकर वाजणारी, पण चिखलात तिचं चामडं पाणी पिऊन फुगतं आणि अंगठा सैल पडतो. दोघांनी हौसेनं घातल्या. चपला अजून दोरीवर वाळतायत.

मन लावून ऐकलेलं व्याख्यान एकच: जंगलात सकाळी बसायला कसं जायचं. ओढ्यापासून साठ मीटर लांब, म्हणजे ऐंशीएक पावलं. वीतभर खोल खड्डा. नंतर माती लोटून बुजवायचा. कागद परत पिशवीत. एकही मोबाइल हातात नव्हता. शंका मात्र भरपूर. रात्री लागली तर? पाऊस असेल तर? ऐंशी पावलं मोजताना वेळ निघून गेली तर? खुरपं कुणी न्यायचं यावर मात्र एकदम सगळ्यांना दुसरी कामं आठवली. शेवटी इंजिनिअरला खुरपेमंत्री नेमलं, कारण तो मोजमापात पक्का.

आणि जळवा. हा विषय मी काढला नव्हता, गल्लीनं काढला. जळू चिकटते तेव्हा कळतच नाही, आणि तिच्या लाळेमुळं रक्त गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही धार चालू राहते. भीती दुखण्याची नसून दिसण्याची असते. ओढून काढू नका, नखानं तोंडाकडून सरकवा, जखम धुवा, पट्टी लावा. पण एवढ्यानं गल्लीचं समाधान कुठलं? कोणी मीठ सांगितलं, कोणी चुना, कोणी तपकीर. पानपट्टीवाल्यानं खात्रीनं सांगितलं की मोजे तंबाखूच्या पाण्यात बुडवा, जळू जवळ फिरकणार नाही. हा जुना तोडगा आहे, मीही ऐकून होतो, आणि मी फक्त ‘‘हं’’ म्हटलं. त्याच रात्री एक बाप तंबाखूच्या दोन पुड्या माझ्या पुढ्यात टाकून उभा. ‘‘पोरग्याच्या खिशात घावल्या. तो म्हणतोय काकांनी सांगितलंय, जळवांसाठी.’’ बरोबर चुन्याची डबीही होती. जळवांना पोरगं मळून देणार होतं बहुतेक.

निघायच्या आदल्या रात्री शेवटचं वजन झालं. प्रत्येक सॅक पाचव्या हिश्श्याच्या आत. रद्दीवाल्यानं हात जोडले. मी सॅका मंडळाच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घेतली. खोलीला मागं खिडकी आहे.

सकाळी एस.टी.नं पन्हाळ्यावर उतरलो. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार घातला, घोषणा झाली, पुसाटीच्या बुरुजाकडं निघायचं म्हणून सॅका उचलल्या, तर बारक्या उचलता उचलता मागं बसला. उघडून बघतो तर धपाटी, दशम्या, आणि लाल दोरा बांधलेला तोच कडीचा डबा. सगळ्यांच्या सॅकेत तेच.

‘‘काका, टेन्शन घिऊ नका,’’ पैलवान म्हणाला. ‘‘हितंच हलकं करतो.’’

झाडाखाली फडकी पसरली. चालायला एक पाऊलही न टाकता सगळे डबे रिकामे झाले. लोणच्याच्या डब्यातलं तेल शेवटच्या धपाट्यानं पुसून घेतलं. मग पैलवानानं हात धुतले, पट्टा कसला आणि जागीच एकदा उडी मारून बघितली.

‘‘काका, आता माझं वजन दीडेक किलो वाढलं असणार. म्हणजे पाचवा हिस्सापण वाढला. कुंडी मी त्या चहावाल्याकडं ठिवलीया. आणू काय?’’