उल्का रोजच जळतात, मग उपग्रहांनी काय बिघडतं?

काम संपलेले उपग्रह आणि रॉकेटं हवेत जळताना धातूची भुकटी वर सोडतात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'रोज टनावारी उल्का जळतात, त्यात चार उपग्रहांची ती काय भर? जळून गेलं की संपलं' हे तुमचं म्हणणं. शिवाय इस्रोच्या यशाने माझ्या पोटात दुखतं, असा टोलाही आहे. आधी उल्कांचं पाहू.

वजनाचं म्हणाल तर तुमचं खरं आहे, उल्कांचा माल कितीतरी जास्त. पण त्यात लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन भरपूर आणि अ‍ॅल्युमिनियम जेमतेम. उपग्रहांचे सांगाडे मात्र बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचेच. त्यामुळे सगळे टन एकाच पारड्यात टाकून भागत नाही, धातू-धातूचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तो मांडून झालाय. 2023च्या सुरुवातीला नासाचं डब्ल्यूबी-57 विमान अलास्कावर सुमारे 19 किलोमीटर उंचीवर उडालं. त्याच्या नाकात बसवलेलं यंत्र हवेतला एकेक कण आत ओढतं, लेसरने फोडतं आणि आत काय होतं ते तिथल्या तिथे मोजतं. स्थितांबरातल्या, म्हणजे ओझोन असलेल्या हवेच्या वरच्या थरातल्या, सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे 10 टक्के कणांत जळालेल्या यानांचे (उपग्रह आणि रॉकेटांचे) धातू निघाले. लिथियम, अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि शिसं तर उल्कांपेक्षा यानांतूनच जास्त येत होतं. नायोबियम आणि हाफ्नियम हे धातूही सापडले. रॉकेटच्या नॉझलचा, म्हणजे ज्वाळा बाहेर पडतात त्या तोंडाचा, मिश्रधातू यांचाच असतो; उल्केत हे इतकं कुठून येणार?

'जळून संपलं' म्हणता, तर 2022च्या गुढीपाडव्याची रात्र आठवा. चिनी रॉकेटचा टप्पा जळत गेला, अर्ध्या महाराष्ट्राने पाहिला. त्याचं भलंमोठं कडं सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला पडलं, म्हणून बातमी झाली. जे पडलं नाही ते वरच राहिलं. 250 किलोच्या उपग्रहातून साधारण 30 किलो अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी होते, असं गणित आहे. ती खाली उतरायला वर्षानुवर्षं लागतात, आणि ओझोन खाणाऱ्या क्लोरीनच्या अभिक्रियांना तिचा पृष्ठभाग आयताच मिळतो. ओझोनला इजा झालीच, असं मात्र मी लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा.

आता इस्रो. 7 मार्च 2023ला त्यांनी मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह ठरवून खाली आणून प्रशांत महासागरावरच्या हवेत जाळला. जुना उपग्रह कक्षेत भटकत ठेवण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं, आणि मी त्याचं कौतुकच करतो. अमेरिकेने 2022मध्ये तर काम संपलेले उपग्रह 25ऐवजी 5 वर्षांत खाली आणण्याचा नियम केला. कक्षा साफ ठेवायची तर कचरा हवेतच जाळायचा, असं हे त्रांगडं आहे. म्हणूनच क्योटो विद्यापीठाने 2024मध्ये मॅग्नोलियाच्या लाकडाच्या पेटीचा उपग्रह करून पाहिला; लाकूड जळालं तर अ‍ॅल्युमिनियमची भुकटी मागे राहत नाही.