ती मगर, तो मगर नव्हे

ठाण्यात येऊरच्या पायथ्याच्या किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘गेटजवळ मगर आला’ असा व्हिडिओ पडला, तर पुढे पाठवण्याआधी जीभ बघा. लांब, टोकाशी दुभंगलेली जीभ सारखी आतबाहेर होत असेल तर ती घोरपड. मगरीची जीभ खालच्या जबड्याला धरलेली असते, तिला ती बाहेर काढताच येत नाही.

आणि समजा खरंच मगर असली, तरी ‘आला’ कसा? मराठीत ती मगर, त्या मगरी, मगरीने, मगरीचा. नर असला तर नर मगर म्हणावं. ‘मगर आला’ आणि ‘मगरमच्छ’ दोन्ही हिंदीतून आले. मराठी बातमीत ‘मगरमच्छ’ वाचलं की जीव तुटतो, कारण आपल्याकडे शब्दांची काय कमी आहे?

सुसर घ्या. बोलीत सुसर म्हणजे मगरच, पण काही पुस्तकांत हे घडियालचं नाव म्हणून येतं: लांब, निमुळतं तोंड आणि वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा फुगवटा. सांगलीच्या कृष्णेत, चिपळूणच्या वाशिष्ठीत, महाडच्या सावित्रीत दिसते ती रुंद तोंडाची मगर. म्हणून बातमीत ‘मगर’ लिहावं, घोटाळा होत नाही. बोलण्यातून मात्र सुसर जाऊ देऊ नये. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण काय नेमकी आहे! त्या पाठीच्या खवल्यांखाली हाडाच्या चकत्या असतात. अडलेला माणूस तिलाच मऊ म्हणतो.

मगरमिठी हा शब्द हल्ली प्रेमाच्या मिठीलाही लावतात, ते मला पटत नाही. मगरीचे जबडा मिटणारे स्नायू अफाट ताकदीचे, उघडणारे अगदी दुबळे. म्हणून तर पकडलेल्या मगरीचं तोंड साध्या दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून ठेवता येतं. एकदा मिटलेला जबडा शिकारीला सुटू देत नाही, तीच मगरमिठी. सावकारी कर्जाची मगरमिठी बरोबर. घोडबंदरच्या वाहतूककोंडीची तर शंभर टक्के बरोबर.

मकर मात्र वेगळा, आणि तो पुल्लिंगी. गंगेचं वाहन, मदनाच्या ध्वजावरचं चिन्ह, विठ्ठलाच्या कानातली मकरकुंडलं: हा मूर्तिकारांचा जलचर, कधी सोंडेचा, कधी माशाच्या शेपटीचा. तिथे ‘मगर’ लिहू नये.

राहिले नक्राश्रू. कल्पना युरोपातली, इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आली, पण शब्द आपण संस्कृतातून घडवला: नक्र अधिक अश्रू. खाताना मगरीच्या डोळ्यांत पाणी येतं हे खरं आहे, पण ते डोळा ओला ठेवणारं पाणी, दुःखाचं नव्हे. हे अश्रू ‘ढाळायचे’ किंवा ‘गाळायचे’ असतात, ‘रडायचे’ नसतात. आणि शेवटचा ‘श्रू’ दीर्घच. ‘अश्रुधूर’मध्ये तो समासाच्या पहिल्या पदात येतो म्हणून ह्रस्व होतो, नक्राश्रूंत तो शेवटी आहे.