सोनेगावच्या आभाळातला आवाज सरासरीने मोजू नका

लढाऊ विमानांच्या आवाजाबद्दल नागपुरात कुणी तक्रार केली की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, देशासाठी एवढं सहन करा. दुसरं, आवाज मर्यादेत आहे. पहिल्यावर वाद नाही. वैमानिकांनी सराव करायलाच हवा आणि वायुसेनेला सोनेगावच्या तळावरून, म्हणजे विमानतळालगतच्या जागेवरून, हलवा अशी मागणी मी करणार नाही. दुसरं उत्तर मात्र मला अजिबात मान्य नाही, कारण ती मर्यादा या आवाजासाठी बनलेलीच नाही.

हिशोब करून बघा. आपल्याकडे दिवसाची आवाजाची पातळी सकाळी ६ ते रात्री १० अशी १६ तासांची सरासरी म्हणून काढतात. म्हणजे ५७,६०० सेकंद. समजा त्यातले १० सेकंद घरावर १०० डेसिबल पडले आणि बाकीचा दिवस ५५ डेसिबलवर गेला, म्हणजे निवासी भागाला चालणाऱ्या पातळीवर. दिवसाची सरासरी येते साधारण ६३. विमानतळ परिसरासाठी २०१८ मध्ये ठरलेली दिवसाची मर्यादा कमी वर्दळीच्या विमानतळांना ६५ आणि जास्त वर्दळीच्यांना ७० आहे. झालं, कागदावर सगळं आलबेल! पाळण्यातलं लेकरू दचकून उठलं आणि तासभर रडलं, हे त्या ६३ मध्ये कुठेच दिसत नाही.

म्हणून आकडे वेगळे मागायला हवेत. एक म्हणजे त्या उड्डाणाची सर्वोच्च पातळी. दुसरा, त्या एका उड्डाणाची सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात गोळा केली तर किती होते तो. वरच्या उदाहरणात तो ११० येतो. तिसरा आपल्याकडे कुणी विचारतच नाही, तो म्हणजे आवाज किती झपाट्याने चढला. अमेरिकेच्या लष्करी मोजणीत आवाज सेकंदाला १५ डेसिबलपेक्षा वेगाने चढला तर दंड म्हणून ११ डेसिबलपर्यंत भर घालतात, कारण माणूस नुसत्या मोठ्या आवाजाने जेवढा हादरतो त्याहून जास्त अचानक आलेल्या आवाजाने हादरतो. आणि नागपूर हा पुण्याच्या लोहगावसारखा सुखोई लढाऊ विमानांचा कायमचा तळ नाही. इथे वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं (देखभाल विभागाचं) मुख्यालय आहे, लढाऊ जेट येतात ती अधूनमधून. त्यामुळे कान सरावतही नाहीत.

हा आवाज प्रवासी विमानापेक्षा इतका वेगळा का? जेटचा आवाज इंजिनातून सुटणाऱ्या झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो, हे १९५२ पासून माहीत आहे. वेग दुप्पट झाला की २४ डेसिबल वाढले. ए-३२० निओ या प्रवासी विमानाच्या इंजिनात गाभ्यातून, म्हणजे इंधन जळतं त्या भागातून, जाते त्याच्या अकरा-बारा पट हवा बाहेरून संथपणे ढकलली जाते. सुखोई-३० च्या इंजिनात बाहेरची हवा गाभ्यातल्या हवेच्या निम्म्याहून थोडीच जास्त. वर आफ्टरबर्नर (झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) लावला की झोत ध्वनीपेक्षा वेगाने बाहेर पडतो आणि तो कडकडाट सुरू होतो. शिवाय नागरी विमानांना असते तशी आवाजाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची अट लष्करी विमानांना लागू नाही, १९४४ च्या शिकागो करारातच ती वगळलेली आहेत.

आता घराचं बघू. 'साउंडप्रूफ खिडकी बसवा' हा सल्ला थंड देशातला. नागपुरात मार्च ते जून खिडकीत कूलर असतो, म्हणजे खिडकीला कायमचं भोक. त्यात कूलरची हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, म्हणजे भोकं दोन. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट राहिली तरी ती खिडकी २० डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही, मग काच कितीही भारी लावा. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनीही ६-१२-६ ची डबल काच (६ मिमीच्या दोन काचा, मध्ये १२ मिमी पोकळी) आवाजासाठी घेऊ नये. १२ मिमी पोकळीत दोन्ही काचा २०० हर्ट्झच्या आसपास एकत्र थरथरतात, आणि जेटची गुरगुर नेमकी त्याच पट्ट्यात जोरात असते. वेगळ्या जाडीच्या दोन काचा, मध्ये १०० मिमी अंतर आणि कडेला रबरी सील, असं केलं तर ते कंपन ७० हर्ट्झपर्यंत खाली जातं.

कूलरवाल्यांसाठी जमण्यासारखी गोष्ट एकच. कूलर धावपट्टीकडच्या खिडकीत लावू नका, आणि शक्य असेल तर काटकोनात वळणारा डक्ट करून आतून ५० मिमी रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी तंतूंची लोकर) लावा. रॉकवूल पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर भोकांचा पत्रा मारा, नाहीतर कूलरच्या ओलीने ते खाली बसतं. डक्टचं तोंड कूलरच्या तोंडापेक्षा लहान ठेवलंत तर पंखा हवा कमी फेकतो. एवढं करून कर्कशपणा कमी होतो, गुरगुर नाही. पत्र्याच्या घरात तर यातलं काहीच चालत नाही, तिथे वरूनच सगळं आत येतं.

बहिरेपणाची भीती मात्र पसरवू नये. दिवसातली काही सेकंदं घरबसल्या माणसाला बहिरं करत नाहीत, आणि असा दावा केला की खरी तक्रारही हलक्यात घेतली जाते. झोप, रक्तदाब आणि मुलांचं वाचन हे खरे विषय आहेत. लंडन, ॲमस्टरडॅम आणि माद्रिदच्या विमानतळांजवळच्या शाळांचा अभ्यास २००५ मध्ये आला. त्यात विमानांचा आवाज ५ डेसिबलने वाढला की ब्रिटनमधली मुलं वाचनात सुमारे दोन महिने मागे पडलेली दिसली.

तक्रार करायची तर मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, मोठ्या आवाजाला त्याचा माइक दबतो आणि आकडा कमी दाखवतो. आवाज मोजायचा क्लास २ दर्जाचा मीटर, आधी ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने (ठरलेला आवाज देऊन मीटर तपासणारं यंत्र) तपासलेला, तोंडावर फोमची टोपी, जमिनीपासून दीड मीटर आणि भिंतीपासून साडेतीन मीटर लांब. तारीख, वेळ, सर्वोच्च पातळी, कोणत्या दिशेने आलं, एवढं वहीत लिहा. कॅमेरा तळाकडे रोखू नका, त्यात कायद्याचा प्रश्न येतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

खरं तर हे काम नागरिकांवर पडूच नये. राज्यातल्या २७ शहरांच्या आवाजाचे नकाशे बनवणारी नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आपल्याच शहरात आहे. सरावाच्या दिवसांत जयताळा, शिवणगाव, सोमलवाडा, चिंचभुवन इथे मीटर लावून एकेका उड्डाणाचे आकडे तिने काढावेत. वायुसेनेने सरावाच्या तारखा आणि वेळा दोन दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत कळवाव्यात, आणि जिथे मोहिमेची गरज नाही तिथे रात्री दहानंतर आणि दहावी-बारावीच्या पेपरच्या तासांत उड्डाणं टाळावीत. जपानमध्ये १९७४ पासून लष्करी तळांभोवतीच्या घरांना आवाजरोधक कामासाठी सरकारी पैसा देण्याचा कायदा आहे. विमानं उडतात आणि खिडकीचा खर्च सरकार उचलतं. इथे बेसा, मनीष नगर भागात फ्लॅट घेणाऱ्याला विमानतळाची उंचीची एनओसी दाखवतात. त्याच फायलीत त्या प्लॉटवर किती डेसिबल पडतात याचा नकाशा जोडणं बांधकाम परवानगी देणाऱ्या यंत्रणेने सक्तीचं करावं.