‘चार चौथरे बघायला दिवसभर पायपीट’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

इंग्लंडमधल्या डोव्हरच्या समुद्रकड्यांवरच्या आमच्या ट्रेकला तुम्ही एक तारा दिलात. भुयाराचा फोटो दाखवून प्रत्यक्षात गवतातले चार काँक्रीटचे चौथरे दाखवले, जेवणात पावणेदोन तास घालवले आणि मुलगा कड्याशी फोटो काढायला गेला तर गाइड सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडली, असं तुम्ही लिहिलंत.

भुयाराचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. या कड्यांमधलं फॅन बेचं भुयार नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे, आत त्यांच्याच गाइडबरोबर जावं लागतं आणि आमच्या फीमध्ये ते धरलेलं नसतं. पण ही ओळ पानाच्या तळाशी आणि भुयाराचा फोटो सगळ्यात वर, म्हणजे चूक आमचीच. फोटो आज काढून टाकला. तुम्हा तिघांची अर्धी फी परत पाठवतोय.

चौथऱ्यांवरून मात्र थोडा वाद घालतो. तिथली खरी गंमत पायाखाली आहे. ते भुयार तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1940-41 मध्ये सैनिकांनी तो पांढरा, खडूसारखा दगड कोरून 125 पायऱ्या खाली, 23 मीटर खोल बराकी केल्या, त्याही सुमारे 100 दिवसांत. वर सहा इंची (म्हणजे नळीचा व्यास सहा इंच) तीन तोफा होत्या आणि समोरच्या फ्रेंच किनाऱ्यावरून जर्मन गोळे येत, तेव्हा तोफांवरची माणसं खाली भुयारात आसरा घेत. पुढे 1970 च्या दशकात भुयाराचं तोंड बुजवलं गेलं, ते 2012 नंतर स्वयंसेवकांनी हातांनी राडारोडा उपसून मोकळं केलं. गाइडने हे सगळं सांगितलं होतं, पण तुम्ही रांगेच्या शेवटी होतात आणि त्या वाऱ्यात दहा पावलांवरचंही ऐकू येत नाही. यापुढे सगळ्यांना गोळा करूनच बोलायचं, असं तिला सांगितलंय.

ओरडण्याबद्दल माफी मागणार नाही. वरून हिरवळ दिसते तिथे खालचा दगड कधीच ढासळलेला असतो, नुसती माती आणि मुळं लोंबत असतात. 2012 च्या मार्चमध्ये डोव्हरच्या याच कड्यांचा मोठा तुकडा समुद्रात गेला. आम्ही कडेपासून पाच मीटर अंतर ठेवतो. तुमचा मुलगा दीड मीटरवर, पाठ समुद्राकडे करून मागे सरकत होता. तेव्हा हळू आवाजात समजावत बसायला वेळ नसतो हो.

आणि जेवण. साउथ फोरलँडच्या दीपगृहापाशी आपण सव्वाबाराला टेकलो, एकला उठलो. पण त्या पट्ट्यात फोन बरेचदा फ्रान्सचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ आपोआप तासभर पुढे जातं. हे सकाळीच सांगायला हवं होतं, राहून गेलं. मुलाच्या फोनमधले दीपगृहाचे फोटो उघडून वेळ बघा, बहुतेक दोन वाजलेले दिसतील.