जॉर्ज मायकलच्या त्या डबल अल्बमबद्दल जरा खुलासा

ख्रिसमस आला की दरवर्षी तोच फॉरवर्ड फिरतो, की 'लेडीज अँड जेंटलमेन' हा दोन सीडींचा अल्बम ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकल गेल्यावर श्रद्धांजली म्हणून काढला आणि त्यात 'लास्ट ख्रिसमस' हे गाणं आहे. दोन्ही चूक. अहो तो अल्बम नोव्हेंबर 1998 चा, माणूस गेला 25 डिसेंबर 2016 ला, म्हणजे मधे 18 वर्षं! आणि 'लास्ट ख्रिसमस' 1984 चं, त्याच्या व्हॅम या बँडचं, ते यात नाहीच. 'केअरलेस व्हिस्पर' मात्र आहे, पहिल्या सीडीवर. ती सीडी 'हृदयासाठी', सगळी संथ गाणी, दुसरी 'पायांसाठी', नाचायची. यातलं 'आउटसाइड' हे गाणं तर तेव्हा नवंकोरं होतं, त्याच वर्षी झालेल्या स्वतःच्याच अटकेची त्याने व्हिडिओत मस्त टर उडवलीये, आता याला श्रद्धांजली कोण म्हणेल?