रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताय? मग "आय७ आहे" एवढ्यावर भुलू नका

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की प्रत्येक ग्रुपवर हा प्रश्न पडतोच : "वीस-पंचवीस हजारांत कुठला लॅपटॉप घेऊ?" खाली उत्तरंही ठरलेली. एक गट म्हणतो, नवाच घे, जुन्याच्या भानगडीत पडू नको. दुसरा म्हणतो, बारा हजारांत रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला आय७ मिळतोय, डोळे मिटून घे. माझ्या मते दोन्ही सल्ले पैसे बुडवणारे आहेत.

आधी नव्याचं बघू. या किमतीत नवा लॅपटॉप म्हणजे बहुतेक वेळा सेलेरॉन एन४५०० हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर किंवा त्याचा भाऊबंद. दोन कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), रॅम बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे बदलता न येणारी, पुष्कळदा वेगवान एसएसडीच्या जागी संथ ईएमएमसी स्टोरेज, आणि १३६६ बाय ७६८ चा फिकट स्क्रीन. वॉरंटी वर्षाची मिळते हे खरं, पण क्रोममध्ये आठ टॅब आणि एक झूम कॉल एकत्र आले की मशीन धापा टाकतं. याच पैशात ऑफिसमधून निघालेला आठव्या पिढीचा आय५ येतो. त्याचा प्रोसेसर सगळे कोअर धरून मोजला तर या सेलेरॉनच्या तिपटीच्या आसपास भरतो. रोजच्या वापरासाठी, म्हणजे वर्ड-एक्सेल, ऑनलाइन क्लास, बँकेची कामं, थोडं कोडिंग, यासाठी माझं मत सरळ रिफर्बिश्डच्या बाजूने आहे. अट एकच : मॉडेलचं नाव ऐकून घ्यायचा नाही, समोर ठेवलेलं मशीन तपासून घ्यायचा.

हे लॅपटॉप येतात कुठून? हिंजवडी, ऐरोली, बंगळुरू इथल्या मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी मशीन बदलतात. लीज, म्हणजे भाडेकरार, संपली की हजारोंचा लॉट एकगठ्ठा विकला जातो आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस किंवा ऑनलाइन दुकानांत पोचतो. म्हणून यात ऑफिसच्या मालिका जास्त दिसतात : डेल लॅटिट्यूड, लेनोवो थिंकपॅड, एचपी एलिटबुक आणि प्रोबुक. याच घ्याव्यात. बिजागऱ्या मजबूत असतात, मागचं झाकण साध्या स्क्रूंवर उघडतं, दुरुस्तीची मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतात. शिवाय एकाच मॉडेलची इतकी मशीन बाजारात असतात की कीबोर्ड, बॅटरी, स्क्रीन पाच वर्षांनीही मिळेल. घरगुती मालिकेतला जुना इन्स्पिरॉन किंवा पॅव्हिलियन दोन हजारांनी स्वस्त मिळाला तरी मी सुचवणार नाही. बिजागरीशी प्लास्टिक तडकतं आणि दुरुस्तीत ते दोन हजार परत जातात.

आता पिढीचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. आय५ मोठा की आय७ मोठा हा प्रश्नच अपुरा आहे. आय७-६६००यू म्हणजे सहावी पिढी, फक्त दोन कोअर. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, चार कोअर. नावाने धाकटा असलेला आय५ कामात पुढे. डॅशनंतरचे आकडे पाहा : ८३५०यू म्हणजे आठवी, १०३१०यू म्हणजे दहावी, ११४५जी७ म्हणजे अकरावी. दुकानाच्या पाटीवर "आय७, १६ जीबी" एवढंच लिहिलं असेल आणि पुढचा नंबर नसेल, तर तो बहुधा मुद्दाम गाळलेला असतो.

आठव्या पिढीचा आग्रह आणखी एका कारणाने. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलमध्ये मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, एएमडीमध्ये रायझन ५ ३५००यू वगैरेपासून. सहाव्या-सातव्या पिढीवरही दुकानदार तपासणी चुकवून ११ टाकून देतात आणि ते चालतंही. पण अशा मशीनला पुढची वार्षिक आवृत्ती विंडोज अपडेटमधून आपोआप येत नाही. दरवेळी पेनड्राइव्ह घेऊन स्वतः चढवावी लागते. घरात हे करणारं कुणी नसेल तर तो लॅपटॉप वर्ष-दोन वर्षांत सुरक्षा अपडेटविना पडून राहतो. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम वापरायची तयारी असेल तर मात्र सातवी पिढी आणि एसएसडी हा आठ-दहा हजारांतला चांगला सौदा आहे. मराठी टायपिंग तिथेही नीट होतं.

मॉडेलांबद्दल थोडं. थिंकपॅड टी४८०, एलिटबुक ८४० जी५, लॅटिट्यूड ५४९० आणि ७४९०, या चारही मशीनमध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून काढता येणारी. मागची थकली तर ती घरीच बदलता येते. टी४९० मात्र नवा असूनही एक रॅम सोल्डर केलेली, एकच स्लॉट मोकळा. एक्स२८० मध्ये तर सगळी सोल्डर, ८ जीबी घेतला तर जन्मभर ८ जीबीच. दुकानात ओळखायचं कसं? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली कोपऱ्यात किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. "फॉर्म फॅक्टर"समोर "एसओडिम" असेल तर पट्टी बदलता येते, "रो ऑफ चिप्स" असेल तर सोल्डर. ८ जीबी हा आज किमान आकडा आहे, १६ आरामाचा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे "नंतर वाढवू" म्हणण्याआधी दुकानदाराला दोन्ही भाव विचारा.

एलिटबुकमध्ये एक गोम आहे. काहींना शुअर व्ह्यू नावाचा प्रायव्हसी स्क्रीन असतो. बाजूने बघणाऱ्याला दिसू नये म्हणून बनवलेला, पण समोरून बघतानाही कडा काळपट वाटतात. घरात दोघांनी मिळून बघायचं असेल तर तो नकोच. स्क्रीनबद्दल एवढंच धरून बसा : १९२० बाय १०८०, आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारा प्रकार). आठव्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपांत स्वस्तातला १३६६ वाला पॅनेलही असतो आणि जाहिरातीत तो "एचडी" म्हणून खपतो.

आता काउंटरवरची तपासणी. अर्धा तास लागतो. "एवढं काय बघायचंय साहेब" म्हणणाऱ्या दुकानातून उठून यावं.

पहिल्यांदा लॅपटॉप बंद करून काचेच्या काउंटरवर ठेवा आणि चारही कोपरे बोटाने दाबा. डुगडुगला तर तळ वाकलाय किंवा बॅटरी फुगलीय. मग टचपॅड दाबा. क्लिक घट्ट लागत असेल, किंवा पॅडची एक कड वर उचललेली दिसत असेल, तर खालची बॅटरी फुगून त्याला ढकलतेय. अशा मशीनवर सूट मागायची नाही, ते परत करायचं. झाकण एका हाताने सावकाश पुढेमागे करा. चित्र चमकलं तर डिस्प्लेची केबल बिजागरीत झिजलीय.

बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच देतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाइप करा, एक फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी असतात. ५०,००० पैकी ३८,००० मिलिवॅट-तास उरले असतील तर ७६ टक्के, चांगलं म्हणायचं. अशा मशीनला ब्राउझिंगला सात-आठ वॅट लागतात, म्हणजे पाच तासांच्या आसपास. साठ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. पण दोन्ही आकडे हुबेहूब एकच आणि सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली तो आकडा) शून्य दिसला तर हुरळू नका. ती मूळ कंपनीची नसलेली, बाजारातली कंपॅटिबल बॅटरी असण्याची शक्यता जास्त, आणि तिची चिप काहीही आकडे सांगू शकते. चार्जर काढा, ब्राइटनेस निम्मा ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं व्हिडिओ चालवा आणि बाकीची तपासणी तेवढ्यात उरका. आठ-दहा टक्के उतरली तर ठीक. वीस टक्के उतरली तर अहवाल खोटा.

चार्जर लावल्यावर दुसरी परीक्षा. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये एक बारीक पिन मध्यभागी असते, तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. डुप्लिकेट चार्जर किंवा ढिला जॅक असेल तर ओळख पटत नाही. मग बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग पाहा. चार-पाच व्हिडिओ एकदम चालवूनही तो ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून राहिला, तर आधी दुसरा चार्जर लावून बघा. लोक याला "जुना झाला, स्लो झाला" म्हणतात आणि बिचाऱ्या प्रोसेसरला दोष देतात. टाइप-सी चार्जिंगचं मशीन असेल तर ६५ वॅटचा, पॉवर डिलिव्हरीवाला, २० व्होल्ट देणारा चार्जर हवा. टी४८० मध्ये तर घरी नेल्याबरोबर थंडरबोल्टचं, म्हणजे त्यातल्या वेगवान टाइप-सी पोर्टचं, फर्मवेअर (पोर्ट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) लेनोवोच्या साइटवरून अपडेट करा. जुन्या फर्मवेअरमधल्या दोषाने टाइप-सी पोर्ट कायमचा निकामी होऊ शकतो.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा, इन्स्टॉल करावं लागत नाही. हेल्थ नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि एरर शून्य असाव्यात. चार-पाच हजार तास चाललेली नामांकित कंपनीची ड्राइव्ह मला नव्याकोऱ्या बिननावाच्या ड्राइव्हपेक्षा बरी वाटते. कीबोर्डची प्रत्येक कळ नोटपॅडमध्ये दाबा. युरोपातून आलेल्या मालावर इंग्रजी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले असतात, नखाने कड उचलून पाहा. ए-ग्रेड, बी-ग्रेड या शिक्क्यांना फार अर्थ नाही, प्रत्येक दुकानाची व्याख्या वेगळी. झाकणावर नवी चकचकीत स्किन असेल तर खाली ओरखडे आहेत एवढं धरून चाला. ओरखड्यांनी काही बिघडत नाही म्हणा.

याहून मोठा धोका कुलपांचा. मशीन आधीच्या मालक कंपनीच्या व्यवस्थेत नोंदलेलं राहिलं असेल, तर दुकानात सुरळीत चालतं आणि सहा महिन्यांनी विंडोज रीसेट केलं की कुठल्या तरी कंपनीचं नाव आणि लॉगिन मागतं. म्हणून दुकानदारालाच विंडोज रीसेट करायला सांगा आणि पहिल्या सेटअपच्या वेळी वायफाय जोडायला लावा. नेट नसेल तर हे कुलूप दिसतच नाही, म्हणून "नेटची गरज नाही" हे उत्तर मान्य करू नका. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरा. पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड आतला छोटा सेल काढून जात नाही. तिथेच सिक्युरिटीखाली ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाचा, मशीनचा माग काढणारा पर्याय सक्रिय आहे का तेही पाहा. सक्रिय असेल तर जुन्या मालकाचा माग अजून सुटलेला नाही.

विंडोजचं लायसन्स तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्येच टाइप करा एसएलएमजीआर, स्पेस, डॅश, डीएलआय (slmgr -dli). उत्तरात ओईएम दिसलं तर लायसन्स मशीनसोबतचं, उत्तम. केएमएस दिसलं तर ते कंपन्यांच्या पद्धतीचं किंवा चोरीचं ॲक्टिव्हेशन आहे, जे १८० दिवसांच्या मुदतीवर चालतं. ऑफिसच्या बहुतेक मशीनमध्ये विंडोज प्रोची मूळ की बायोसमध्येच असते. त्यामुळे स्वच्छ इन्स्टॉल केलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, वेगळे पैसे देऊ नका.

बिलावर मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि तळावरचा सिरियल नंबर लिहून घ्या. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. तोच नंबर बायोसमध्येही दिसला पाहिजे. दिसला नाही तर बोर्ड किंवा तळाचं झाकण दुसऱ्या मशीनचं आहे. वॉरंटी तीन महिन्यांची की सहा, त्यात बॅटरी आणि ॲडॉप्टर धरलेत का, बदलून देणार की दुरुस्त करून, हे तोंडी नको, बिलावरच हवं. परत घेण्याची मुदत सात दिवसांची असेल तर पहिल्याच संध्याकाळी दोन तासांचा व्हिडिओ कॉल करून बघा. कॅमेरा, माइक, वायफाय, पंखा आणि तापमान, सगळ्यांची परीक्षा त्यात एकदम होते.