लाज सोडा, चपला नका सोडू

गेल्या रविवारी ठाण्याला नौपाड्यात आत्याकडे गेलो, तर फरशीवर रक्ताचे ठिपके. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत, ओळीने. आत्या निवांत चहा गाळत होती. तिचा पाय उचलून पाहिला तर तळव्यात टाचणी, अर्धी आत गेलेली. 'अगं, दुखत नाही?' 'नाही रे. कधी लागली काय माहीत.'

आत्या सहासष्ट वर्षांची, पंधरा वर्षं मधुमेह. आणि गेले तीन आठवडे ती रोज सकाळी कचराळी तलावाला अनवाणी फेऱ्या मारत होती. का, तर फॅमिली ग्रुपवर तो मेसेज आला होता. तुमच्याकडेही आलाच असेल: 'लाज सोडा, चप्पल सोडा'. रोज अर्धा तास चारचौघांत अनवाणी चाला. शुगर उतरते, चष्मा जातो, रबरी चपलेने अडवलेली पृथ्वीची ऊर्जा अंगात शिरते, पूर्वज असेच चालत म्हणून ठणठणीत होते. वर ही लाज म्हणे इंग्रजांनी आपल्याला लावली. पाठवणारा माझा सख्खा चुलतभाऊ. तो स्वतः घोडबंदर रोडच्या जिममध्ये भारी बूट घालून ट्रेडमिलवर पळतो.

शुगरपासूनच सुरू करतो, कारण रक्त तिथे सांडलंय. चालल्याने साखर आटोक्यात राहायला मदत होते, मान्य. पण ती चालल्याने. पोटरीचा स्नायू साखर वापरतो तेव्हा खाली चप्पल आहे की नाही, याची तो चौकशी करत नाही. उलट ज्याची साखर वर्षानुवर्षं चढी राहिली, त्याच्या नसा खराब होत जातात, आणि सगळ्यात लांब नसा आधी. म्हणजे पायांच्या. तळवा बधिर होतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही, कारण बधिर झालंय हे कळवायचं तरी कुणी? सोमवारी डॉक्टरांनी आत्याला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा तो जाड धागा, वाकला की दहा ग्रॅमचा दाब देणारा, डाव्या अंगठ्याखाली तीन ठिकाणी टेकवला. आत्या म्हणाली, 'कधी लावताय?' लावून झाला होता.

अशा पायाला टाचणी लागते, काच लागते, भर दुपारी देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना फोड येतात, आणि माणूस चालतच राहतो. त्यात पायाला रक्तपुरवठा कमी. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, मग आधी बोट आणि कधीकधी पाय. डायबेटिक फूट या विषयावर काम करणाऱ्या तज्ज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय कार्यगट आहे. त्यांची मार्गदर्शक सूचना 2023 मध्ये सुधारून आली. धोक्यातल्या पायांबद्दल तिच्यात स्वच्छ लिहिलंय: अनवाणी चालू नका, नुसते मोजे घालून चालू नका, पातळ तळाच्या सपाता घालून चालू नका. घरात नाही, बाहेरही नाही. 'घरात नाही' हे पुन्हा वाचा. आपल्यापैकी निम्म्यांना तेच पटणार नाही.

आणि हे सगळं ऐन पावसाळ्यात! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण किती वाढले ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. उंदरांच्या मुताचं पाणी आणि तळव्यावरची एक चीर, एवढं पुरतं.

आता बाकीचं. डोळ्याची नस म्हणे तळव्यात असते. ती डोळ्याच्या मागच्या बाजूने निघते आणि मेंदूत जाते. पाचेक सेंटिमीटरचा प्रवास. मुलं दिवसाउजेडी मैदानात खेळली तर चष्मा लागण्याचं प्रमाण कमी होतं हे खरं, पण ते उजेडाचं काम आहे, गवताचं नव्हे. पृथ्वीच्या ऊर्जेबद्दल एवढंच की पावसात विजेच्या खांबापाशी साचलेल्या पाण्यात अनवाणी उभं राहून तिचा अनुभव घेऊ नये. पूर्वज अनवाणी होते? मग भरताने सिंहासनावर काय ठेवलं? ज्यांना परवडत नव्हतं ते अनवाणी होते. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा ठाण्यावरून मुंबईत गेला, तेव्हा ते सोललेले तळवे आपण सगळ्यांनी फोटोत पाहिले. लोकांनी त्यांना चपला आणून दिल्या. 'वा, ऊर्जा मिळतेय' असं कुणी म्हणालं नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. निरोगी पायाला, विशेषतः लहान मुलांच्या, अनवाणी चालणं चांगलं. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी भारतातल्याच 2300 मुलांचे पाय तपासून 1992 मध्ये निष्कर्ष छापले: चपलाबूट घालणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, न घालणाऱ्यांत 2.8. तेव्हा नातवाला बागेत पळू द्या. तुमच्या तळव्याला सगळं जाणवत असेल तर तुम्हीही पळा.

आणि लाजेचं? तिथेही मेसेज अर्धा बरोबर आहे. (इंग्रजांचा भाग सोडून.) नवरात्रात नऊ दिवस लोकलमध्ये कितीतरी जण अनवाणी असतात. कुणी वळून बघत नाही, उलट पाय तुडवला जाऊ नये म्हणून सरकून उभे राहतात. तोच पाय फाल्गुनात दिसला की, 'चप्पल तुटली का हो?' हिंदी कवी मुक्तिबोधांच्या अंत्ययात्रेनंतर, 1964 पासून, एम. एफ. हुसेन अनवाणी फिरायचे, तर मुंबईतल्या एका क्लबाने एवढ्या मोठ्या चित्रकाराला दारातून परत पाठवलं. आपल्याला लाज पायाची नसते; अनवाणी का, याचं कारण सांगता न येण्याची असते. आत्यालाही कचराळीवर पहिल्याच दिवशी दोघींनी विचारलं, 'देवळातून चोरीला गेल्या वाटतं?' तिसऱ्या दिवसापासून तिने 'नवस आहे' म्हणायला सुरुवात केली. विषय बंद. एकीने फक्त कुठला देव ते विचारून घेतलं.

टाचणी निघाली, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबरी तळाच्या, चपलांचे दोन जोड आणले. एक बाहेरचा, एक फक्त घरातला. चारचौघांत अनवाणी चालायला धजावलेली ही बाई या चपलांपुढे मात्र अडून बसली. 'दवाखान्यातल्या दिसतात रे. आणि घरात घालू? लोकांकडे गेल्यावर दारात काढायच्या नाहीत? काय म्हणतील?' दोन दिवस वाद झाला. चुलतभावाला टाचणीचा फोटो पाठवला, त्याने हात जोडल्याची खूण पाठवली.

परवा शुक्रवारी शेजारी सत्यनारायण होता. आत्या घरातला जोड कापडी पिशवीत घेऊन गेली आणि उंबऱ्याच्या आत पायात चढवला. दोघी-तिघींची नजर गेलीच.

'नवस आहे,' आत्या म्हणाली.